लॅबमामांचा पाचवा अध्याय

लॅबमामांनी नवा करार वाचायला घेतला तो लग्न झालं त्या वर्षी, आणि वारले तेव्हा ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायातच होते. मत्तय हे नव्या करारातलं पहिलंच पुस्तक. म्हणजे दारातून आत शिरलेला माणूस आयुष्यभर ओटीवरच बसून राहावा, तसं झालं. लहानपणी मला याचं हसू यायचं. कल्याणजवळच्या मोहन्याच्या आमच्या चाळीत माझी आई पोथीचे अध्याय भराभर संपवायची. मी मामांना विचारायचे, "मामा, अजून पाचवाच?" ते म्हणायचे, "पहिल्या चारांत हकिगत आहे गं. ती वाचून झाली. पाचव्यात काम सुरू होतं."

त्यांचं नाव शमुवेल. कल्याणच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सांभाळायचे. शाळेतल्या सगळ्या शिपायांना मामाच म्हणायचे, म्हणून हे लॅबमामा. चाळीत आमच्यापासून तिसरी खोली त्यांची, त्यामुळे शाळेत आणि घरी दोन्हीकडे ते माझे मामाच. ॲसिडने उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी पिवळी, जाड झालेली. अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. मूळचे नगरकडचे. वडील खेड्यात शाळामास्तर आणि रविवारी देवळात उपदेश करणारे. चर्चला मामा देऊळच म्हणायचे. वडिलांनी मुलांना एक नियम घालून दिला होता: एक वचन वाचायचं, ते वागण्यात उतरेपर्यंत पुढचं वाचायचं नाही. धाकट्या भावाने, दावीदने, तो नियम आठवड्याभरात सोडला. मामांनी तो शेवटपर्यंत धरला.

आता एखादं वचन 'उतरलं' हे ठरवायचं कोणी? मामाच ठरवायचे, आणि ते परीक्षक म्हणून फार कडक होते. नम्र लोक धन्य, अशा अर्थाची एक ओळ आहे. त्या ओळीवर ते अकरा महिने अडकले, कारण चाळीच्या नळावर एका बाईशी त्यांचा एकदा आवाज चढला होता. जमलंय असं वाटू लागलं की नेमकं कुणीतरी त्यांची बादली सरकवायचं. भावाला मूर्ख म्हणू नये, ही ओळ आली तेव्हा शाळेत त्यांची पंचाईत झाली. आम्ही परीक्षानळ्या फोडायचो आणि त्यांच्या तोंडावर तो शब्द यायचा. तो गिळून ते "अरे शहाण्या" म्हणायचे, ते इतक्या कळवळून की आम्हाला त्यापेक्षा शिवी बरी वाटायची. तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात, या ओळीचा अर्थ त्यांनी मला स्वयंपाकघरात समजावला. एस्तेरमावशी, त्यांची बायको, वांग्याची भाजी ढवळत होती. मामा म्हणाले, "यात मीठ आहे ना? पण दिसतंय का? मीठ दिसायला लागलं म्हणजे भाजी बिघडली."

मी आठवीत असताना माझे वडील गेले. कामावरून आले, शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि तिथेच बसले, ते उठले नाहीत. तेरा दिवस घरात माणसांची ये-जा होती. प्रत्येक जण काहीतरी सांगून जायचा. देवाची इच्छा, तुझ्या आईकडे बघ, आता तूच मोठी. लॅबमामा रोज शाळा सुटली की आमच्या दाराबाहेर लाकडी स्टूल टाकून बसायचे. दिवेलागणीपर्यंत बसायचे आणि उठून जायचे. एक शब्द बोलले नाहीत. दहाव्या दिवशी मीच चिडून विचारलं, "मामा, तुम्ही नुसते बसता कशाला?" ते म्हणाले, "शोक करणाऱ्यांचं सांत्वन होईल, असं त्याने सांगितलंय. मी करीन असं कुठे म्हटलंय? मला बोलायचं काम दिलेलं नाही पोरी. बसायचं दिलंय."

पुढे एस्तेरमावशीही गेली. मूलबाळ नव्हतं. त्या वेळी मी मामांच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले. मला दुसरं काही येत नव्हतं.

दावीद खडवलीला राहायचा आणि स्वतःचा टेम्पो चालवायचा. देखणा, मोठ्याने हसणारा माणूस. चाळीत आला की आम्हा पोरींना टेम्पोत बसवून नदीपर्यंत चक्कर मारून आणायचा. मामा त्याच्यावर फार माया करायचे. त्याच्याविषयी बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. वडील लवकर गेल्यावर मामांनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, त्याचं लग्नही लावून दिलं होतं. "माझा पहिला विद्यार्थी तो, आणि तोच नापास," असं म्हणून ते हसायचे. दावीद म्हणायचा, "दादा, तू सगळ्यांच्या वाटचं वाचतोयस ना, मग मी कशाला वाचू?"

एकदा शाळेला सुट्टी होती. मामा सोबत म्हणून दावीदच्या टेम्पोतून मुरबाडच्या बाजूला गेले होते. परत येताना दावीदला फोन आला. एका हाताने गाडी चालवत तो बोलत होता, हसत होता. रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालली होती. टेम्पोचा धक्का लागला. मामा उतरून धावले. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या पाटीतली गवार रस्ताभर पसरली होती. इस्पितळात पोचेपर्यंत ती बाई गेली.

पोलिसांना दावीदने सांगितलं की ब्रेक लागला नाही. त्याच्या वकिलाने मामांना घरी येऊन बजावलं, "तुम्ही एवढंच म्हणा की माझं लक्ष नव्हतं. खोटं बोलू नका. नुसतं लक्ष नव्हतं म्हणा."

मामा तेव्हा सदतिसाव्या ओळीवर होते. तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही असावं, त्याहून जास्त जे असेल ते वाईटाकडून येतं, अशी ती ओळ. मी कॉलेजात होते. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर ते अंधारात बसलेले. दिवा लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "लक्ष नव्हतं असं म्हणणं किती सोपं आहे बघ. पण माझं लक्ष होतं वैशू. मी त्याच्याकडेच बघत होतो. तो हसत होता म्हणून मला बरं वाटत होतं. त्याला फोन ठेव म्हणावं, असंही मला वाटलं नाही."

त्यांनी जबाब दिला. बऱ्याच वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा कोर्टातही तेच सांगितलं. भाऊ समोर उभा होता. फोनवर बोलत होता का? होय. ब्रेक लागला नाही का? नाही, लावलाच नव्हता. आपण फोन ठेवायला सांगितलं नाही, हेही त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. वकील म्हणाला, विचारलं तेवढंच सांगा. बाहेर व्हरांड्यात त्या बाईच्या नवऱ्याने मामांना हात जोडले. मामा मला म्हणाले, "सगळ्यात वाईट तेच झालं. मी काय केलं होतं त्याच्यासाठी? त्याची बायको तर गेलीच."

दावीदला दीड वर्षाची शिक्षा झाली. टेम्पो गेला, लायसन्स गेलं. तुरुंगात मामा भेटायला गेले तेव्हा त्याने भेट नाकारली. पुन्हा गेले, पुन्हा नाकारली.

आणि मग मामा मागे आले. मला ते त्यांनी असंच सांगितलं, "वैशू, मी तेविसाव्या ओळीवर मागे आलो." तिथे असं आहे की, तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे तुला आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. मी म्हटलं, "पण मामा, तुम्ही चुकीचं काही केलं नाहीत." ते म्हणाले, "चुकलं असेल तर जा, असं कुठे लिहिलंय? त्याच्या मनात काही असेल तर जा, असं आहे." एक ओळ पाळायला गेले आणि दुसरी मोडली. दोन्ही एकाच पानावर होत्या. हे कोडं घेऊन ते देवळातल्या पाळकसाहेबांकडे गेले नाहीत, कुणाकडेच गेले नाहीत. त्या रविवारपासून देवळात दानाची थैली समोर आली की ती पुढच्याकडे सरकवायचे. प्रभुभोजनाची भाकर आणि पेला आला की मान खाली घालून बसायचे. मंडळीतल्या काहींना वाटलं म्हातारा चिक्कू झाला. काहींना वाटलं, याच्या हातून काही पाप घडलंय. मामांनी दोन्ही समज राहू दिले.

दावीद सुटून आला आणि एका वीटभट्टीवर राखणीला लागला. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की मामा खडवलीला जायचे. दावीदच्या घरासमोर जांभळाखाली एक दगड होता, त्यावर बसायचे. दावीद आत असायचा, बाहेर यायचा नाही. त्याची बायको सुमनकाकू न बोलता चहा आणून ठेवायची. तासभर बसून मामा उठायचे, दाराकडे बघून "येतो रे" म्हणायचे आणि निघायचे. असं पाच-सहा वर्षं चाललं. लग्नानंतर मी टिटवाळ्याला राहायला आले. खडवली तिथून पुढचं स्टेशन. परतताना कधीकधी मामा माझ्याकडे यायचे. मी जेवायला वाढायचे. "बोलला का?" असं मी विचारायचे नाही. त्यांनी चपाती किती खाल्ली त्यावरून कळायचं.

गुडघे फार धरले तेव्हा एकदा मी त्यांच्यासोबत गेले. उन्हाळा होता. मामा दगडावर बसले, मी बाजूला उभी. सुमनकाकूने दोन कप आणले. आणि तिच्या मागोमाग दावीद दारात आला. मी त्याला ओळखलं नाही. डोळे पिवळे पडलेले, गालफडं बसलेली. मामा उठायला गेले आणि गुडघ्यामुळे पुन्हा खाली बसले.

"दादा, एक विचारू?" दावीद म्हणाला. "तू इथे कशाला येतोस?"

"तुझ्या मनात माझ्याबद्दल राग आहे ना. म्हणून."

"साक्ष दिलीस म्हणून राग आहे असं वाटतं तुला?" तो चौकटीला धरून उभा होता. "पहिलं वर्षभर होता. मग गेला. ती बाई माझ्या हातून मेली, दादा. तू काय सांगितलंस त्याने ती जास्त मेली नाही की कमी मेली नाही. जेलमध्ये हे कळायला वेळ मिळतो."

"मग?"

"मग काय! इतकी वर्षं येतोयस. त्या दगडावर बसतोस, चहा पितोस. एकदा तरी हाक मारून विचारलंस, दावीद, कसा आहेस रे? झोप लागते का तुला? ती बाई तुझ्या स्वप्नात येते का? नाही विचारलंस. तू मला भेटायला येतच नाहीस. तू तुझ्या त्या ओळीसाठी येतोस. मी समेट केला की तुझी ओळ सुटणार, मग तू पुढची वाचणार. मी नाही सोडवणार तुझी ओळ."

तो आत गेला. दार आपटलं नाही, हळूच लावलं. सुमनकाकू पदराने कपाच्या बशा पुसत राहिली, पुसलेल्याच पुन्हा पुसत राहिली.

स्टेशनच्या बाकावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. मला दावीदचा राग आला होता, तसं मी म्हटलंही. मामांनी मान हलवली. "खरं बोलला. होय ते होय बोलला. आमच्या घरात ती ओळ त्यालाच आली." मग हाताच्या त्या पिवळ्या बोटांकडे बघत म्हणाले, "लहान असताना ताप आला की तो माझ्याच अंथरुणात येऊन झोपायचा. कधी विसरलो मी हे?"

मला वाटलं, पुढच्याच रविवारी ते जातील आणि विचारतील. ते गेले नाहीत. लाज वाटत होती त्यांना. आता विचारलं तर सांगितल्यावर विचारल्यासारखं होईल, असं म्हणायचे. एक महिना गेला, दुसरा गेला, पावसाळा गेला. मीही टोकलं नाही. मला नोकरी होती, मुलीची शाळा होती, आणि त्यांच्या आणि त्यांच्या देवाच्या मध्ये आपण का पडावं, असंही वाटलं. या एका गोष्टीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मी त्यांच्या दाराबाहेर बसून राहिले खरी, पण तेव्हा बसायची वेळ नव्हती. उठवून न्यायची होती.

सुमनकाकूचा फोन आला तेव्हा दावीदला कल्याणच्या इस्पितळात आणलं होतं. कावीळ डोक्यात गेलेली. मामा पोचले तेव्हा तो शुद्धीत नव्हता. मी नंतर तासाभराने पोचले. मामा खाटेच्या कडेला बसून त्याच्या कानाशी वाकले होते. "दावीद, कसा आहेस रे? झोप लागते का तुला?" पुन्हा थोड्या वेळाने, "दावीद, कसा आहेस?" नर्स म्हणाली, आजोबा, त्यांना ऐकू येत नाही. मामा तिला म्हणाले, "माहीत आहे ताई." आणि पुन्हा विचारलं. दोन दिवस ते तेवढंच विचारत होते. तिसऱ्या दिवशी दावीद गेला.

काही महिन्यांनी पाळकसाहेब मामांच्या घरी आले. मी चाळीत आईला भेटायला आलेले आणि मामांकडे डोकावले होते, त्यामुळे मला ते बोलणं ऐकू आलं. पाळकसाहेब भले माणूस. म्हणाले, "शमुवेलभाऊ, आता प्रभूच्या मेजाशी या, भाकर घ्या. तुम्ही प्रयत्न केलात. देव बघतो." मामा म्हणाले, "साहेब, देव बघतो हीच तर पंचाईत आहे. मी दान तिथे ठेवून गेलो होतो आणि भावाकडे पोचलोच नाही. नुसता त्याच्या दगडापर्यंत पोचलो." पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला ते आवडलं.

मात्र खडवलीला जाणं मामांनी पुन्हा सुरू केलं. आता दर शनिवारी, आणि दगडावर न बसता थेट घरात. कौलं फुटली होती ती माणूस बोलावून बदलून घेतली. टाकीचा नळ बसवला. सुमनकाकू कुरकुरली की विधवा पेन्शनचे फॉर्म कुणी भरायचे, तर हे चष्मा लावून भरायला बसायचे. आणि आत शिरल्याबरोबर पहिला प्रश्न तोच, "सुमन, कशी आहेस?" ती सुरुवातीला "बरी" एवढंच म्हणायची. मग हळूहळू सांगू लागली. काय सांगायची ते मामांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बायबल उशाशी असायचं, पण आता कितवी ओळ, हा विषय त्यांनी बंद केला होता. एकदा मी सहज विचारलं तर म्हणाले, "पाहुणी आहेस ना, चहा घे."

मी ख्रिस्ती झाले नाही. व्हावं असं त्यांनी कधी सुचवलंही नाही. माझ्या देव्हाऱ्यात गणपती आहे आणि मी रोज दिवा लावते. पण कुणी आजारी असलं, कुणाचं काही बिनसलं की मी दारात पाऊल ठेवल्याबरोबर आधी विचारते, कसे आहात. बाकीचं नंतर. मी शिकवते त्या शाळेतल्या मुली हसतात मला. बाई रोज तेच विचारतात, म्हणतात.

मामा गेल्या माघात गेले. दुपारी भात खाऊन पडले आणि उठले नाहीत. खिडकीशी वाळत घातलेला पांढरा शर्ट तसाच होता. चाळ बरीचशी रिकामी झालीय, तरी बायका जमल्या, माझी आई काठी टेकत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणच्या दफनभूमीत आम्ही पंधरा-वीस माणसं असू. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. एकेकाने पुढे होऊन मूठ मूठ माती टाकली. मीही टाकली.

सुमनकाकू सगळ्यांत शेवटी पुढे आली. वाकून एक मूठ माती तिने टाकली. मग ती पुन्हा वाकली आणि दुसरी मूठ भरून घेतली. ती टाकेना. हातात तशीच धरून उभी राहिली. मी जवळ गेले, तिचा दंड धरला.

"ही यांच्या वाटची," ती म्हणाली. "हे आज आले असते की नाही, मला खरंच माहीत नाही गं."

तिने मूठ उघडली. तळहाताला ओली माती चिकटून राहिली होती. तीसुद्धा तिने दुसऱ्या हाताने झटकून खाली टाकली.